हत्ती जास्त, वेळ शून्य

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन बुद्धिबळाच्या स्पर्धेला गेले होते. सातवीतली पोर. शेवटच्या फेरीत तिच्याकडे अख्खा हत्ती जास्त होता. बाहेर पालकांच्या घोळक्यात उभी राहून मी मनातल्या मनात पेढे वाटत होते. आणि ही रडतच बाहेर आली. ‘‘आई, वेळ संपला.’’ डाव हातात आलेला, पण घड्याळात शून्य. म्हणजे हार!

माझ्या तोंडून पटकन गेलं, ‘‘एवढा कसला विचार करत बसलीस गं?’’ तर म्हणाली, ‘‘चुकले असते तर तू रागावली असतीस ना!’’

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

हिशेब साधा आहे. प्रत्येकीला 25 मिनिटं, शिवाय दर खेळीला 5 सेकंद जादा. 40 खेळ्यांचा डाव धरला तर एका खेळीच्या वाट्याला जेमतेम 42 सेकंद येतात. हिने एकाच खेळीवर 9 मिनिटं घालवली. तीही दोन चांगल्या खेळ्यांतली एक निवडायला!

आता सरांनी सवय लावलीय. सुरुवातीच्या पाठ असलेल्या खेळ्या झटपट करायच्या. दर पाच खेळ्यांनी घड्याळाकडे नजर टाकायची. समोरचीची पाळी असताना आपण विचार करायचा. मारामारीच्या जागी मात्र सावकाश. आणि दोन खेळ्या सारख्याच वाटल्या, तर एक निवडायची, बटण दाबायचं, मागे वळून बघायचं नाही.

हे शेवटचंच अवघड. कारण फ्रॉकच्या रंगापासून क्लासपर्यंत तिचं सगळं आम्हीच ठरवतो. ‘थांब, तुला नाही जमायचं’ हे दिवसातून दहादा ऐकवतो. मग पटावर एकटी बसवून म्हणतो, 42 सेकंदांत ठरव! कसं ठरवणार?

मुलींना हे जमत नाही असं मुळीच नाही. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तो अशाच घाईच्या डावांत. प्रत्येकीला 15 मिनिटं आणि दर खेळीला 10 सेकंद. समोर होती कोनेरू हंपी, 2019 आणि 2024 ची जलद बुद्धिबळातली जगज्जेती! तेव्हा दिव्या अवघी 19 वर्षांची होती.

मला वाटतं, घड्याळ सांभाळायला शिकवायचं असेल तर आधी घरात चुकायची मुभा द्यायला हवी. म्हणून आता रविवारचा बाजार लेकीकडे दिलाय. काय घ्यायचं, केवढ्याला घ्यायचं, तिचं ती ठरवते.

परवा तिने आणलेली वांगी निम्मी किडकी निघाली. मी जीभ चावून गप्प बसले. उरलेल्यांचं भरीत केलं. छान झालं होतं.