तेरीज जुळली, पण विमान खोटे!

“वाणिज्य शाखेच्या मुलाला विमानाशी काय कर्तव्य?” हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. त्याचे हे उत्तर.

आमच्या कुळगीच्या रानात धनेश उडाला की पंखांचा आवाज आधी येतो. एवढ्या जड पक्ष्याला हवा पेलते कशी, या कुतूहलापोटी मी संगणकावर ‘फ्लाइटगिअर’ हा विमान चालवण्याचा खेळ घेतला. तो फुकट मिळतो आणि त्यातल्या विमानाचे आकडे कोणालाही बदलता येतात. मराठी माध्यमामुळे शब्द अडले. आकडे अडले नाहीत.

सेसना १७२ ची फाइल म्हणजे खतावणीच! वजन, पंखांचे क्षेत्रफळ १७४ चौरस फूट, गुरुत्वमध्य, हवेचा अवरोध. एका खात्यात हात घातला की दुसरे हलते. गुरुत्वमध्य फार मागे सरकवला तर विमान आवरत नाही.

एकदा चढाईचा वेग कमी पडू लागला. मी १६० अश्वशक्तीचे इंजिन गुपचूप २०० चे केले. चढाई जुळली, पण सपाट उड्डाणात विमान भलतेच धावू लागले. फरक उचंती खात्यात टाकून तेरीज जुळवावी, तसेच ते झाले. खरी चूक माझ्याच हातून बिघडलेल्या अवरोधाच्या कोष्टकात होती. ती सापडेपर्यंत, वीज जात-येत, अर्धा पावसाळा सरला.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा असे नव्हे, हे पुस्तकात वाचले होते. पटले ते इथे. मित्रहो, परीक्षेत आपण जुळवायला शिकतो. चूक शोधायला कधी शिकणार?