बोटीवरच्या जेवणाला कोट कशासाठी?

गेल्या काही वर्षांत आमच्या निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, चाकण या पट्ट्यातील ख्रिस्ती कुटुंबांत एक नवा प्रश्न शिरला आहे. समुद्रसहलीला जाताना बोटीवरच्या संध्याकाळच्या जेवणासाठी कोणता पोशाख न्यावा, हा तो प्रश्न. काही वाचकांना हा विषय या पानांवर चर्चा करण्याच्या योग्यतेचा वाटणार नाही. परंतु या प्रश्नापायी घरोघर जे बोलले जाते आणि जे केले जाते, ते कानावर आल्यानंतर गप्प बसणे मला उचित वाटत नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. इंद्रायणीकाठचे निघोजे हे शेतकऱ्यांचे गाव. औद्योगिक वसाहतीचे टप्पे एकामागून एक वाढत गेले, २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राचा आला आणि वसईपासून अहिल्यानगरपर्यंतची, गोव्याची, केरळची कुटुंबे येथे भाड्याच्या खोल्यांत येऊन राहिली. त्या खोल्यांत वाढलेली मुले आता हिंजवडीत संगणकावर काम करतात. त्यांच्या हाती पैसा आहे आणि आईवडिलांविषयी कृतज्ञताही आहे. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही बोट मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे जाऊ लागली. कोणी सिंगापूरला जाऊन तेथून मोठ्या बोटीत चढतात. तीन पाळ्यांत आयुष्य झिजवलेल्या माणसाने चार रात्री समुद्रावर काढल्या, तर त्यात वावगे काय आहे? काहीही नाही. माझा वाद सहलीशी नाही, सहलीच्या पेटीत कोंबल्या जाणाऱ्या कपड्यांशी आहे. आणि त्या कपड्यांपायी पेटीबाहेर राहणाऱ्या माणसांसाठी आहे.

परिचयातल्या एका घराची गोष्ट सांगतो. नातवाने सर्वांची तिकिटे काढली. सत्तरी ओलांडलेली, आजन्म नऊवारी नेसलेली आजीही निघाली. मग कोणीतरी सांगितले की एका रात्री ‘फॉर्मल नाइट’ असते, पुरुषांना काळा सूट आणि स्त्रियांना गाऊन लागतो. वडिलांच्या, काकांच्या आणि नातवाच्या सुटांचे माप घेतले गेले. शिलाईचा हिशोब वडिलांच्या महिन्याच्या पगाराच्या पलीकडे गेला, म्हणून तो हप्त्यांवर घेतला गेला. सुनेने गाऊन मैत्रिणीकडून आणला. राहिली आजी. तिच्याविषयी घराने एकमताने ठरवले, “त्या रात्री आजीचे जेवण खोलीतच मागवू. तिला तरी कुठे तिथे बसवत आहे?” आणि आजीही म्हणाली, “मी बाई खोलीतच बरी. तुमची शोभा नको व्हायला.”

वाचकहो, या वाक्यात जी हार आहे ती मला सोसत नाही. ज्या बाईने भल्या पहाटे उठून डबे करून या घराला पहिल्या पाळीच्या बसमध्ये बसवले, तिला घरच्यांनीच जेवणाच्या मेजावरून उठवले, आणि तेसुद्धा बोटीवरच्या एकाही माणसाने मागणी केलेली नसताना! बोटीचा लेखी नियम काय आहे, हे त्या घरात कोणीही वाचले नव्हते. सर्व काही ऐकीव होते.

तेव्हा तो नियम आधी पाहू. बहुतेक कंपन्यांच्या बोटींवर आज संध्याकाळी मुख्य भोजनगृहात पोहण्याचे कपडे आणि बनियन घालून येऊ नये एवढीच खरी बंदी असते. कोठे तोकड्या चड्डीला आणि स्लिपरलाही मनाई असते. तीन ते पाच रात्रींच्या सहलीत साधारणपणे एक आणि आठवड्याच्या सहलीत दोन संध्याकाळी जरा नटून येण्याची सूचना असते. पुष्कळ ठिकाणी ती सूचनाच असते, सक्ती नसते; आणि ज्याला नटायचे नाही त्याच्यासाठी वरच्या मजल्यावरचे स्वतः वाढून घेण्याचे उपाहारगृह उघडे असते. नॉर्वेजियन कंपनीने तर २००० सालीच पोशाखाचा हा बडिवार बाजूला ठेवला. या बाबतीत सर्वांत कर्मठ समजली जाते ती क्युनार्ड ही जुनी ब्रिटिश कंपनी. तिच्या क्वीन मेरी २ या बोटीवर आजही उत्सवी संध्याकाळी काळ्या कोटांची रांग लागते. पण त्या क्युनार्डच्या नियमातसुद्धा डिनर जॅकेटच्या बरोबरीने आपापल्या देशाच्या औपचारिक पोशाखाला स्थान आहे. साहेबाच्या बोटीला जे चालते ते चाकणच्या घराला चालत नाही, याला काय म्हणावे?

ज्या काळ्या कोटाचा एवढा धाक आहे त्याची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याने १८६५ साली इंग्लंडच्या युवराजासाठी, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या गृहस्थासाठी, एक आखूड जाकीट शिवले. कशासाठी? तर गावाकडच्या वाड्यात घरगुती जेवणाला बसताना शेपटीचा लांब कोट नको, जरा सैल असावे म्हणून! अमेरिकेत १८८६ मध्ये न्यूयॉर्कजवळ टक्सिडो पार्क ही धनिकांची वसाहत उभी राहिली, तिच्यावरून त्याला टक्सिडो हे नाव मिळाले. सारांश, ज्याला आपण औपचारिकतेचे शिखर मानतो तो त्या लोकांचा घरात वावरण्याचा कपडा होता. त्याच्या कमरेला जो रुंद रेशमी पट्टा असतो त्याला इंग्रज ‘कमरबंड’ म्हणतात. हा आपला कमरबंद. हिंदुस्थानातल्या उन्हाळ्यात जाकिटाखालचा वेस्टकोट असह्य झाला तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांनी येथील माणसाच्या कमरेचा पट्टा उचलला, आणि आता तोच पट्टा आपण त्यांची मिजास म्हणून विकत घेतो. दुसरा शब्द तर आमच्या कारखान्यांतच रोज ऐकू येतो. कामगार अंगावर चढवतात ती डांगरी, इंग्रजांची ‘डंगरी’, मुंबईच्या डोंगरी भागात मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून आली; ते कापड खलाशांच्या अंगावर बसून जगभर गेले. म्हणजे बोटीवर वरच्या मजल्यावरचा पट्टाही आपला आणि तळघरातले कापडही आपले. लाज फक्त मधल्या मजल्यावर जेवायला जाताना वाटते.

कोणी म्हणेल, फादर, काळ बदलला आहे, जगाबरोबर चालले पाहिजे. अवश्य चालावे. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला वैद्यक शिकायला निघाल्या, तेव्हा त्यांच्यापुढेही पोशाखाचा प्रश्न होताच, आणि तो चार रात्रींचा नसून काही वर्षांचा होता. त्यांनी नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने साडी नेसायचे ठरवले, कारण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तेथील थंडीत ते परवडणारे नव्हते. थंडीसाठी त्यांनी नेसण बदलली, लाजेपोटी नाही. १८८५ सालच्या ऑक्टोबरातले फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई साडीत आहेत, जपानची केई ओकामी किमोनोत आहे आणि सीरियाची सबात इस्लाम्बुली तिच्या देशाच्या वेषात आहे. तो एक समारंभी प्रसंग होता आणि तिघींपैकी एकीलाही खोलीत बसवून ठेवलेले नव्हते.

याच्या उलट उदाहरणही आहे. मोहनदास गांधी हा अठरा वर्षांचा तरुण ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून क्लाइड बोटीने विलायतेला निघाला. काटे-चमचे वापरता येत नाहीत, कोणता पदार्थ निरामिष हे विचारण्याचा धीर नाही, म्हणून तो बहुधा आपल्या खोलीतच बसून बरोबर नेलेली मिठाई आणि फळे खात राहिला. उतरताना मोठ्या हौसेने पांढरा फ्लॅनेलचा सूट घातला, तर सप्टेंबरअखेरीस पांढऱ्या कपड्यांतला तो एकटाच निघाला! हे त्यांनीच आपल्या आत्मकथेत नोंदवले आहे. त्रेचाळीस वर्षांनी, १९३१ मध्ये, तोच माणूस राजपुताना बोटीतून गोलमेज परिषदेला पंचा नेसून गेला, आणि बरोबरच्या मंडळींनी आणलेले अनावश्यक सामान त्याने एडनहून परत पाठवायला लावले. आपल्या पेट्या भरताना या एडनच्या बंदराची आठवण ठेवायला हरकत नाही.

येथवर वाचून काही मंडळी खूश झाली असतील. “बरोबर आहे, आम्ही पैसे मोजले आहेत, आम्ही बर्म्युडा घालूनच बसणार!” त्यांच्याशीही माझे भांडण आहे, आणि ते अधिक कडक आहे. सूट न घालणे म्हणजे गबाळेपणा करण्याची सनद नव्हे. त्या भोजनगृहात तुमच्यापुढे थाळी ठेवणारा मुलगा कोण असतो, हे तुम्ही कधी नीट पाहिले आहे काय? तो पुष्कळदा आपलाच असतो. गोव्याच्या साष्टीतल्या, बार्देशातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या तारवटी होऊन पी अँड ओच्या बोटींवर खानपान सांभाळले. मुंबईला धोबीतलावच्या गावोगावच्या कुडांमध्ये ट्रंका ठेवून ते बोटीची वाट पाहत बसत. आज वसईच्या आणि गोव्याच्या अनेक घरांतले मुलगे तेच काम करतात. सहा-सहा, नऊ-नऊ महिने घर दिसत नाही. सागरी कामगारांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार त्यांना चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती द्या एवढेच सांगतो. उरलेल्या वेळाचा हिशोब वाचकांनी करावा. त्या मुलाची कॉलर कडक इस्त्रीची असते, गळ्यात बो असतो, बूट चकाकत असतात. त्याला निवड नसते. त्याच्यासमोर ओल्या चड्डीत, पायात पाणी गळणाऱ्या स्लिपरा घालून बसणे हा स्वातंत्र्याचा आविष्कार नाही, तो साध्या शब्दांत उर्मटपणा आहे. आमच्या बहुतेक मोठ्या कारखान्यांत व्यवस्थापक आणि ऑपरेटर एकाच रंगाचा शर्ट घालतात. ती रीत येथे कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. वाढणाऱ्याने नेटके यावे आणि जेवणाऱ्याने कसेही यावे, ही रीत मात्र सरंजामी आहे.

आणखी एक बाब. या नटण्याच्या संध्याकाळी बोटीवरचे छायाचित्रकार जिन्यापाशी पडदे लावून उभे असतात. प्रत्येक कुटुंबाला थांबवून फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी ते विकायला मांडतात. कंपनीला कोटाचे कौतुक का, याचे अर्धे उत्तर त्या पडद्यापाशी मिळते. फोटो काढू नये असे मी म्हणत नाही. पण तीन पिढ्यांच्या त्या फोटोतून पहिली पिढी गाळली, तर पैसे कशाचे दिले?

वेषाच्या दारावर माणसे अडवण्याचा रोग केवळ आपल्याला जडला आहे असेही नाही. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबने चित्रकार हुसेन यांना ते अनवाणी होते म्हणून आत घेतले नाही. २०१४ साली चेन्नईतील क्रिकेट संघटनेच्या क्लबात उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्याबद्दल अडवले गेले, तेव्हा तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी अशा अटकावाविरुद्ध कायदा केला. तेथे निदान दारवान परका होता. आपल्याकडे घरातलाच नातू दारवान होतो, हे अधिक दुःखदायक आहे.

एका सुशिक्षित गृहस्थांनी मला मत्तयच्या शुभवर्तमानातला लग्नाच्या मेजवानीचा दृष्टांत ऐकवला. साजेसा पोशाख नसलेल्या पाहुण्याला राजाने बाहेर काढले, तेव्हा फॉर्मल नाइटला शास्त्राधार आहे, असा त्यांचा विनोदी पण अर्धवट खरा दावा होता. दृष्टांत शिंप्याच्या बिलाविषयी नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांना मी याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचायला सांगितला. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला उभे राहायला सांगणारी जी सभा तेथे वर्णिली आहे, तिच्यात आपले जेवणाचे टेबल बसते का, ते त्यांनी पाहावे.

असो. ज्यांची तिकिटे काढून झाली आहेत त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. तिकिटाबरोबर येणारी पोशाखाची सूचना स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या भाच्याला विचारू नये. पुरुषांनी गडद रंगाची विजार, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट नेले तर पुष्कळ बोटींवर निभावते. लग्नातला बंदगळ्याचा कोट कपाटात पडून असेल तर तो कोणत्याही भाड्याच्या सुटापेक्षा सरस. सूट आधीच असेल आणि आवडत असेल तर खुशाल घालावा, पण हप्त्यांवर शिवू नये. स्त्रियांनी काहीच विकत घेण्याचे कारण नाही. ट्रंकेतली पैठणी किंवा वसईचे लुगडे हा जगातल्या कोणत्याही भोजनगृहातला पूर्ण औपचारिक पोशाख आहे. भोजनगृहात वातानुकूलन कडक असते, म्हणून वृद्धांसाठी शाल न्यावी. उंच टाचा टाळाव्यात, बोट हलते. आजीला मधल्या खुर्चीवर बसवावे. आणि जेवणानंतर तिला डेकवर न्यायचे असेल तर पदराला दोन पिना जास्त लावाव्यात, तेथे वारा फार असतो.