पाऊस बरा झाला, तरी बोअर कोरडी का?

बारामती/इंदापूर : उन्हाळा आला की सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात आणि इंदापुरातल्या कालव्यापासून लांबच्या गावांत बोअरची गाडी फिरू लागते. पाचशे फुटांवरही नुसता फुफाटा उडाला की पारावर एकच चर्चा : पाऊस तर बरा झाला होता, मग पाणी गेलं कुठं?

याचं मोजून काढलेलं उत्तर पुणे जिल्ह्यातच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कुकडीच्या खोऱ्यात पाणी किती मुरतं ते मोजलं आणि १९८३ साली आकडे प्रसिद्ध केले. खडक आपल्यासारखाच, काळा पाषाण.

मोजायला त्यांनी वापरला ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. ऑगस्ट २०२३ मध्ये जपानने फुकुशिमाचं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली, तेव्हा मोबाईलवर गाजला तोच. हा पाण्यात नुसता मिसळत नाही, पाण्याचाच भाग होतो. म्हणून पाणी जाईल तिकडे जातो : मातीत, मुळातून पानात, पानातून हवेत आणि परत पावसात. थोडासा तर निसर्गातच तयार होतो. त्याचे किरण कातडीच्या आत शिरत नाहीत, पोटात जास्त गेला तरच धोका. दर बारा वर्षांनी तो निम्मा होतो. प्रयोगाला लागतो तो अगदी थोडा.

पावसाळ्याआधी तो जमिनीत, मुळांच्या खाली सोडायचा. पाऊस सरल्यावर तिथंच खोदून थराथराची माती तपासायची. खूण किती खाली सरकली आणि मातीत ओल किती, यावरून मुरलेलं पाणी कळतं.

कुकडीत पाऊस होता सरासरी ६१२ मिलिमीटर. मुरलं फक्त ४६. शंभरातले साडेसात! बाकीचं ओढ्यानं, पिकानं आणि उन्हानं नेलं.

आता आपला हिशेब. ४६ मिलिमीटर म्हणजे एकरी १ लाख ८६ हजार लिटर. पाटपाण्यावरच्या उसाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. पावसाचे पाचशे वजा केले, तरी एक एकर उसासाठी तीसेक एकरांत मुरलेलं पाणी उपसावं लागतं. बोअर खोल नेली म्हणून मुरणारं पाणी वाढत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचं तेवढं ओढलं जातं.

नीरा डाव्या कालव्याकाठी गणित वेगळं. तिथल्या विहिरी पावसापेक्षा कालव्याच्या पाझरावर जगतात. अस्तरीकरणाचं नाव काढलं की तिथले शेतकरी विरोधाला उभे राहतात, ते उगाच नाही.