रोग्याचें उपकरण आणि आमचा शेअर

द्रव्याचा विचार उघडपणें करणें हें हलकेपणाचें लक्षण होय, अशी समजूत सुशिक्षित घरांतून पूर्वीं बरीच होती. ती आतां राहिली नाहीं, व हें आमच्या मतें चांगलेंच झालें. ज्या घरांत शिल्लक म्हणजे पोस्टाचें पुस्तक, बँकेंतील मुदतीची ठेव आणि कपाटांतील चार दागिने, त्या घरांत आज कंपन्यांच्या शेअरांची चर्चा जेवणाच्या पंक्तीला होते. लेकीसुना तींत बरोबरीनें बोलतात आणि निवृत्त वडील मंडळी चष्मा पुसून भाव पाहतात. अलीकडे या चर्चेंत वैद्यकीय उपकरणें करणाऱ्या कंपन्यांचें नांव फार ऐकूं येतें. हृदयाच्या रक्तवाहिनींत बसवावयाची जाळी, गुडघ्याचा कृत्रिम सांधा, रक्तांतील साखर मोजण्याचें यंत्र, सलाईनची नळी, या साऱ्यांचे कारखाने आहेत आणि त्यांपैकीं कित्येकांचे शेअर बाजारांत मिळतात. कोणता शेअर घ्यावा हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं व हेतुहि नाहीं. तो घेण्यापूर्वीं घरांत कोणते प्रश्न विचारले जावेत, एवढेंच या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

या चर्चेंत एक वाक्य हटकून येतें: ‘माणसें आजारी पडावयाचीं थांबणार नाहींत, तेव्हां हा धंदा कधीं बसावयाचा नाहीं.’ ऐकावयास तें पटण्यासारखें आहे, पण तर्कशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं. धूर दिसला म्हणजे अग्नि आहे हें अनुमान खरें, कारण त्या दोहोंचें साहचर्य नित्य आहे. रोग आणि अमुक एक कंपनी यांचें साहचर्य तसें नित्य नाहीं. रोग राहतो, उपकरण बदलतें.

हृदयरोगाचेंच पाहा. १९७७ सालीं झूरिच येथें आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनीं हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनींत लहानसा फुगा फुगवून ती मोकळी केली. १९८६ त फ्रान्समध्यें त्या जागीं धातूची जाळी बसविण्यास आरंभ झाला. हाच आजचा स्टेंट. १९९४ त अमेरिकेंत जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीच्या स्टेंटला हृदयासाठीं परवानगी मिळाली व तिनें जवळजवळ सगळा बाजार व्यापला. परंतु तीन-चार वर्षांतच इतरांच्या सुधारलेल्या जाळ्या आल्या आणि तो बाजार तिच्या हातून निसटला. पुढें औषधाचा लेप दिलेला सायफर नांवाचा स्टेंट घेऊन हीच कंपनी २००३ त अमेरिकेच्या बाजारांत सर्वांच्या आधीं आली. आणि २०११ त तिनें स्टेंटचा धंदाच सोडण्याचें जाहीर केलें. अबॉट कंपनीच्या, शरीरांत हळूहळू विरघळून जाणाऱ्या स्टेंटचा तर केवढा गाजावाजा झाला होता! त्याला अमेरिकेंत जुलै २०१६ मध्यें परवानगी मिळाली आणि सप्टेंबर २०१७ मध्यें त्याची विक्री थांबविण्याचें कंपनीनें जाहीर केलें. या सर्व काळांत हृदयरोगी कांहीं कमी झाले नव्हते.

आमच्या शेजारच्या एका एकत्र कुटुंबांत मध्यंतरीं असेंच बोलणें चाललें होतें. पुतण्या इंजिनिअर आहे, तात्या एका कचेरींतून निवृत्त झाले आहेत, आणि काकूंनीं तीस वर्षें परिचारिकेचें काम केलें आहे. पुतण्या म्हणाला, “तात्या, माझा मेव्हणा म्हणतो, या कंपनीचा भाव वर्षाच्या आंत दुप्पट होईल.”

तात्यांनीं विचारलें, “तो त्या कंपनींत आहे का?”

“नाहीं, त्याचा एक मित्र आहे म्हणे.”

काकू भाजी निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, ती वस्तु माणसाच्या अंगांत किती वर्षें टिकते, तें त्या मित्राला विचारलेंस का?”

“काकू, तें डॉक्टर पाहतील. आपल्याला भाव पाहावयाचा.”

“डॉक्टर पाहतीलच. पण पैसे तुम्ही घालणार ना?”

या प्रश्नाला त्या दिवशीं उत्तर मिळालें नाहीं. न्यायशास्त्रांत शब्द हें एक प्रमाण मानिलें आहे खरें, पण तें आप्ताच्या शब्दापुरतें. आणि आप्त म्हणजे ज्यानें ती गोष्ट यथार्थ जाणली आहे व जो ती जशीच्या तशी सांगतो असा मनुष्य. मराठींत आप्त या शब्दाचा अर्थ सोयरा असा झाला. शेअरबाजारांत साध्यासुध्या घरांचें जें नुकसान होतें, त्यांतील पुष्कळसें या दोन अर्थांची गल्लत झाल्यानें होतें असें आम्हांस वाटतें. मेव्हणा सोयरा आहे. या विषयांत तो आप्त आहे कीं नाहीं, हें निराळें पाहावें लागतें. काकूंच्या प्रश्नांत मात्र जाणत्या माणसाची दृष्टि होती, व त्यांतून तीन प्रश्न निघतात.

पहिला प्रश्न असा कीं, ही वस्तु निवडतो कोण आणि तिचे पैसे देतो कोण? भाजी आपण निवडतों व आपणच पैसे देतों, म्हणून भाव पटला नाहीं तर पुढच्या दुकानाकडे वळतों. स्टेंट डॉक्टर निवडतो, रुग्णालय बिलांत लावतें, आणि पैसे देणारा टेबलावर निजलेला असतो. अशा व्यवहारांत किंमत कोठवर चढूं शकते हें आपल्या देशांत सर्वांनीं पाहिलें आहे. औषधाचा लेप दिलेल्या स्टेंटला रोग्याला लाखाच्या वर रुपये मोजावे लागत. १३ फेब्रुवारी २०१७ रोजीं राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानें त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरविली. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांनाहि मर्यादा घालण्यांत आली. कारखान्यापासून रोग्यापर्यंतच्या वाटेवर सर्वांत मोठी वाढ रुग्णालयाच्या टप्प्यावर होत असल्याचें प्राधिकरणास आढळलें होतें.

आतां असें घर डोळ्यांपुढें आणा कीं, जेथें वडिलांच्या छातींत स्टेंट बसावयाचा आहे आणि मुलाच्या खात्यांत असलीं उपकरणें विकणाऱ्या कंपनीचे शेअर आहेत. त्या दिवशीं त्या घरानें आनंद मानावा कीं दुःख? आमचें उत्तर स्पष्ट आहे. निजलेल्या माणसाच्या अज्ञानावर जो नफा उभा आहे, तो आज ना उद्यां न्यायालयाच्या, सरकारच्या किंवा लोकमताच्या एका धक्क्यानें खालीं येणारच; तो खालीं आला म्हणून गृहस्थानें शोक करणें शोभत नाहीं, आणि तो कायम राहील असें धरून पैसे गुंतविणें शहाणपणाचेंहि नाहीं. उलट, किंमत निम्म्यावर आली तरी ज्या कारखान्याचें पोट भरतें, तो कारखाना विचार करण्यासारखा.

दुसरा प्रश्न असा कीं, कागदावरील नफा पेटींत आला का? उधारीवर माल दिला कीं विक्री झाली असें वहींत लिहितात व नफाहि मांडतात. पैसे कधीं येतील तें निराळें. बंगळूरच्या ऑप्टो सर्किट्स या कंपनीची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. हृदयरोगाचीं व रोग्याच्या देखरेखीचीं उपकरणें हा तिचा धंदा. तिनें २००६ त जर्मनीची युरोकोर, २००८ त अमेरिकेची क्रिटिकेअर आणि २०१० त, हृदयाचे बिघडलेले ठोके विजेच्या झटक्यानें ताळ्यावर आणणारीं यंत्रें करणारी कार्डियाक सायन्स, अशा कंपन्या विकत घेतल्या. अहवालांत नफा वाढता होता, लाभांश मिळत होता, बोनस शेअरहि वांटले जात होते. पुष्कळ लहान गुंतवणूकदारांना ही कंपनी घरांतील दुभत्या गाईसारखी वाटली. परंतु त्याच अहवालांच्या पुढल्या पानांवर ग्राहकांकडील येणें वाढत होतें आणि बँकांचें कर्जहि वाढत होतें. पुढें बँकांचीं देणीं थकलीं, शेकड्यांत असलेला भाव एक आकडी झाला, आणि २०१५ त कार्डियाक सायन्सनें अमेरिकेंत दिवाळखोरीचा अर्ज केला. येथें कोणावर लबाडीचा आरोप करण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. जें सर्वांना वाचावयास उपलब्ध होतें तें थोड्यांनींच वाचलें, एवढेंच सांगावयाचें आहे. बोनस शेअर म्हणजे त्याच भाकरीचे अधिक तुकडे. ताटांत तुकडे वाढले म्हणून भाकरी वाढत नाहीं. ज्या घरांत महिन्याचा हिशेब ठेवणारी गृहिणी आहे, तिला कंपनीच्या अहवालांतील रोख रकमेचें पान समजावयास मुळींच कठीण नाहीं. तें तिच्याकडेच वाचावयास द्यावें.

तिसरा प्रश्न काकूंचा: वस्तु अंगांत बिघडली तर काय? मेडट्रॉनिक ही या धंद्यांतील मोठी व नांवाजलेली कंपनी. १९४९ सालीं मिनिआपोलिस शहरांत एका गॅरेजमध्यें तिचा जन्म झाला, आणि १९५७ त वीज गेली तरी हृदयाचे ठोके चालू ठेवणारें, बॅटरीवरचें लहान यंत्र तिच्या संस्थापकांपैकीं अर्ल बॅकन यांनीं चार आठवड्यांत तयार केलें. अशा कंपनीची स्प्रिंट फिडेलिस नांवाची एक बारीक तार होती. छातींत बसविलेल्या, झटका देणाऱ्या यंत्रापासून ती हृदयापर्यंत जात असे. ती कांहीं रोग्यांच्या शरीरांत तुटूं लागली. कोणास नको असतां झटके बसले, कोणास हवा तेव्हां बसणार नाहीं अशी भीति उत्पन्न झाली. १५ ऑक्टोबर २००७ रोजीं कंपनीनें ती विकण्याचें थांबविलें, तोंपर्यंत जगभर सुमारें २,६८,००० तारा बसविल्या गेल्या होत्या. त्या दिवशीं शेअरचा भाव शेकडा दहाहून अधिक उतरला.

शेअरवाल्यांचें नुकसान झालें खरें. पण ज्याला भीति वाटली त्याला दुसऱ्या दिवशीं शेअर विकून मोकळें होतां आलें. रोग्याला तें शक्य नव्हतें. शिरेंत रुतलेली तार ओढून काढणें हेंच जिवावरचें काम, म्हणून पुष्कळांना ती तशीच अंगांत वागवीत दिवस काढावे लागले. उपकरणाच्या कंपनींत भाग घेणें म्हणजे अशा माणसाच्या विश्वासांत भाग घेणें होय, आणि इतर धंद्यांहून हा धंदा निराळा आहे तो याच ठिकाणीं. म्हणून कंपनीच्या मालासंबंधीं तक्रारी किती, माल परत बोलावण्याचा प्रसंग आला तेव्हां तिनें तो लपविला कीं आपण होऊन सांगितला, हें भावाच्या आधीं पाहावें. आपल्याकडे उपकरणांपासून झालेल्या अपायांची नोंद घेण्याची योजना जुलै २०१५ पासून सुरू आहे, आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनीं उपकरणांचे जोखमीप्रमाणें चार वर्ग केले आहेत. आपली कंपनी कोणत्या वर्गाचा माल करते, एवढें तरी तिच्या भागधारकास ठाऊक असावें.

घरापुरते नियम आम्हीं थोडक्यांत सांगतों. औषधपाण्याचे, शिक्षणाचे आणि म्हातारपणाचे पैसे या वाटेनें जाऊं देऊं नयेत. कर्ज काढून किंवा बायकांचे दागिने गहाण ठेवून शेअर घेऊं नये. दागिना जिचा, तिला न विचारतां तर कधींच नाहीं. जी रक्कम बुडाली तरी घरांतील कोणाच्या ताटांतला घास कमी होणार नाहीं, तेवढीच घालावी. शेअर घेतांना कां घेतला याचीं चार वाक्यें वहींत लिहून खालीं तारीख घालावी, म्हणजे पुढें भाव चढो वा उतरो, आपली बुद्धि चालली होती कीं नुसतें दैव, हें कळतें. आणि तीं चार वाक्यें घरांतील सर्वांसमोर वाचून दाखवावींत. जें कारण आपल्या आईला किंवा सुनेला सांगण्यास संकोच वाटतो, तें कारण बहुधा पुरेसें नसतें.

इतकें करूनहि तोटा होईल. सर्व दक्षता घेतलेल्या शेतांतहि कधीं पीक जातें. पण तो तोटा पैशाचा होईल. विचारावयाचें तें न विचारतां जो तोटा होतो, त्यांत पैशाबरोबर घरांतील एकमेकांवरचा विश्वासहि जातो. भावाभावांत अबोला पडतो आणि वर्षानुवर्षें पंक्तीला तो विषय काढण्याची चोरी होते. असलीं दोन घरें आमच्या पाहण्यांत आहेत. वाचकांच्या घरीं शेअर येवोत न येवोत, तो प्रसंग न येवो.