विंडोजवर बनवलेला ई-धडा लिनक्सवर चालतो का? सोप्या शब्दांत समजून घ्या

बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावाचा विचार करा. शिक्षकाचा लॅपटॉप विंडोजचा, शाळेतला संगणक लिनक्सचा आणि मुलांच्या घरी अँड्रॉइड मोबाइल. एकच ई-धडा तिन्हीकडे चालेल का?

नेमकी अडचण काय?
धडा बनवण्याचं सॉफ्टवेअर आणि तयार झालेला धडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'आर्टिक्युलेट स्टोरीलाइन' हे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. पण त्यातून एचटीएमएल-५ स्वरूपात काढलेला धडा लिनक्स किंवा मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडतो.

मग प्रश्न मिटला?
पूर्ण नाही. धडा बघता येतो, पण दुरुस्त करायला मूळ फाइल आणि तेच सॉफ्टवेअर लागतं. शिक्षकाची बदली झाली आणि पुढे पाठ्यपुस्तक बदललं, तर नव्या शिक्षकाला सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

असं आधी घडलंय?
अडोबीने ३१ डिसेंबर २०२० नंतर 'फ्लॅश प्लेअर'ला आधार देणं थांबवलं. फ्लॅशवर बनवलेले धडे ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. मेहनत होती, पण ती एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर टेकलेली होती.

पर्याय काय?
'ईएक्सई-लर्निंग' मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. 'एच-फाइव्ह-पी'चं काम थेट ब्राउझरमध्ये होतं. २०१७ मध्ये सुरू झालेलं 'दीक्षा' हे सरकारी व्यासपीठही या स्वरूपातले धडे स्वीकारतं.

त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना 'धडा दिसेल का?' एवढंच विचारून भागत नाही. 'पुढच्या शिक्षकाला तो बदलता येईल का?' हेही विचारायला हवं. आणि मूळ फाइलची एक प्रत शाळेकडे राहायलाच हवी.