साडेसात क्विंटलचा लॅपटॉप

सोयाबीन घरात येतं, विकलं की चार पैसे हाती खेळतात, आणि नेमके तेव्हाच दिवाळीचे सेल लागतात. नांदगाव खंडेश्वरात दरवर्षी या सुमारास माझ्याकडे एकच प्रश्न येतो. "भाऊ, पोरीचा लॅपटॉप लय हँग होते. नवा घ्या लागते का?"

माझं दुकान नाही. आवड म्हणून लोकांची मशीन उघडून पाहतो, एवढंच. म्हणून मला कोणाला काही विकायचं नाही, आणि हे लिहिताना हात आखडायचंही कारण नाही. माझं म्हणणं साधं आहे. नवा घेण्याआधी जुना का अडतो ते एकदा पाहा. कारण कळल्याशिवाय पैसे काढू नका.

हिशेब आपल्या मापात करू. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. चाळीस हजारांचा लॅपटॉप म्हणजे त्या भावाने साडेसात क्विंटल. बऱ्या वर्षी दीडेक एकराचं पीक. हमीभावाच्या खाली विकावं लागलं तर त्याहून जास्त. किस्तीवर घेतला तर पुढच्या पेरणीच्या वेळीही हप्ता चालूच असतो, आणि बियाणं-खताचा खर्च तेव्हाच अंगावर येतो. एवढं पीक एका वस्तूवर घालायचं तर आधी पाच मिनिटं तपासणीला द्यायलाच हवीत.

ती तपासणी घरीच होते. मशीन चालू करा, नेहमीचं काम सुरू करा, आणि अडायला लागलं की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपुढे टक्के दिसतात. मी पाहिलेल्या बहुतेक जुन्या मशीनमध्ये प्रोसेसर निवांत बसलेला असतो आणि डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली असते. म्हणजे डोकं शाबूत आहे, अडलंय ते कोठारातून माल काढण्यात.

जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी. मिनिटाला ५,४०० फेरे. तिच्यावरून एक बारीक काटा इकडून तिकडे सरकतो आणि हवी ती माहिती उचलतो. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला त्याला सेकंदाचा शंभरावा हिस्सा किंवा थोडा जास्त वेळ लागतो. ऐकायला कमी वाटतं, पण विंडोज सुरू होताना अशा हजारो लहानलहान फायली उचलाव्या लागतात, आणि प्रत्येकीसाठी काटा धावतो. एसएसडी नावाच्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारं काहीच नाही, सगळं चिपवर. तेच काम ती शंभरपट लवकर उरकते. म्हणून सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं लावणारा लॅपटॉप एसएसडी टाकली की अर्ध्या मिनिटात उठतो. बाकी मशीन तेच. हा सुटा भाग नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे फार लहान रकमेत येतो, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये चार-सहा स्क्रू काढून बसतो.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरलेली दिसली तर रॅम कमी पडते आहे. चार जीबीवर आजचा ब्राउझर उघडला की तो एकटाच सगळं व्यापतो. आठ जीबी केली तर कॉलेजच्या पोरापोरींचं काम नीट चालतं. मात्र दोन गोष्टी सांभाळा. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, त्यांची खाच वेगळी असते, तेव्हा आपली जुनी पट्टी सोबत घेऊनच अमरावतीला जा. आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे काही करता येत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव फार भडकले, कारण एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलला. म्हणून घरात बंद पडलेलं दुसरं मशीन असेल तर त्याची रॅम काढून कागदात गुंडाळून ठेवा. आज नाही तर उद्या कोणाच्या तरी कामी येईल.

आपल्याकडच्या मशीनला आणखी तीन गोष्टी मारतात: उन्हाळा, धूळ आणि वीज. पंख्याच्या जाळीत कापसाची लूस आणि मळणीचा भुसा असा काही थर धरतो की आतली हवा बाहेर निघत नाही. मग प्रोसेसर तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवायला तो मुद्दाम हळू चालतो. मे महिन्यात दुपारी लॅपटॉप रेंगाळतो आणि रात्री बरा चालतो, असं असेल तर नव्याची गरज नाही, साफसफाईची आहे. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते गरगर फिरून बिघडतं. लॅपटॉप गादीवर ठेवून चालवू नका, खालची हवा बंद होते. आणि बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर तो दाबून बसवण्याचा प्रयत्न अजिबात नको. मशीन बंद करा आणि बॅटरी काढून घ्या. इथे चालढकल केली तर आग लागू शकते.

विजेचं दुखणं गावातल्या कोणालाही समजावून सांगायला नको. शेजारचा मोटारपंप सुरू झाला की दिवा मंद होतो. डेस्कटॉपला यूपीएस असावा, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी. अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या. जूनमध्ये विजा कडाडू लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग उपसा, आणि इंटरनेटची तारही काढा. माझ्या ओळखीतलं एक मशीन प्लग काढूनही जळालं, कारण तार तशीच राहिली होती.

आता माझ्या घरचंच सांगतो. आमच्या डेस्कटॉपवर एक दिवस बँकेची साइट उघडेना, सातबारा उघडेना, कुठलंही पान उघडलं की 'सुरक्षित नाही' अशी पाटी. इंटरनेट बिघडलं म्हणून दोन दिवस फोन केले. मग मशीन उचलून शहरातल्या एका दुकानात नेलं. तिथे सांगितलं की मदरबोर्ड गेला, आणि मोठा आकडा लिहून दिला. पैसे नव्हते म्हणून मशीन परत आणलं. संध्याकाळी सहज कोपऱ्यातली तारीख पाहिली तर ती कित्येक वर्षं मागे गेलेली. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की तारीख मागे जाते, आणि साइटच्या सुरक्षेच्या प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही म्हणून ब्राउझर दार बंद करतो. किराणा दुकानातून सेल आणला, बसवला, तारीख लावली. मदरबोर्ड तोच, आजही चालतो. तुमच्या मशीनची तारीख सारखी मागे जात असेल तर दुकानात जाण्याआधी हा सेल बदला.

विंडोज १० बद्दल अलीकडे फार घबराट आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा आधार थांबवला, हे खरं. पण त्या दिवशी एकही मशीन बंद पडलं नाही. थांबल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ ठेवली आहे आणि तिची नोंदणी अपडेटच्या पानावरूनच होते. साधारण २०१८ नंतरच्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ फुकट चढते. चढेल की नाही ते मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं अॅप सांगतं. त्याआधीच्या मशीनसाठी लिनक्स मिंट आहे. तीही फुकट. ती आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आतल्या डिस्कला हात न लावता. आवडली तर ठेवा, नाहीतर पेन ड्राइव्ह काढा, जुनं सगळं जागच्या जागी. यूट्यूब, ईमेल, अभ्यास, अर्ज भरणं, पत्रं लिहिणं यांना ती पुरते. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी मात्र घाई करू नये, कारण अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन यांचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोजसाठीच लिहिलेलं असतं.

एक कळकळीची विनंती. कोणी 'क्रॅक मारून' विंडोज देतो म्हणाला तर घेऊ नका. ते क्रॅक चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करायला लावतात, आणि मग त्या दारातून काय आत शिरलं ते कोणालाच कळत नाही. त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

मशीन उघडण्याआधी, विंडोज बदलण्याआधी, कोणाच्या हातात देण्याआधी सगळ्या फायलींची दुसऱ्या ठिकाणी नक्कल करा. हे मी सर्वांत वर लिहायला हवं होतं. हार्ड डिस्क मरण्याआधी बरेचदा कुरकुरते, पण एसएसडी एखाद्या सकाळी न सांगता जाते. आमच्या गल्लीतल्या एका घरी वडील गेल्यावर त्यांचा आवाज असलेला एकच व्हिडिओ होता, लग्नातला, आणि तो एकाच लॅपटॉपमध्ये होता. मुलाने 'फॉरमॅट मारून द्या' म्हणून तो लॅपटॉप कोणाला तरी दिला. मारून मिळाला. त्यानंतर त्या मुलाच्या आई माझ्याकडे आल्या, "भाऊ, काही निघते का पाहा ना." मी चार रात्री बसलो, काही निघालं नाही. म्हणून एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर घरी ठेवा आणि एक अमरावतीच्या नातेवाईकाकडे. घर बुडालं, जळालं, चोरी झाली तरी दुसरीकडे एक उरते.

आणि ज्यांच्याकडे कृतिदेवमध्ये टाइप केलेले जुने कागद आहेत, ग्रामपंचायतीचे ठराव, संस्थेचे अहवाल, लग्नपत्रिका, त्यांनी ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावेत. कृतिदेवच्या फायलीत मुळात इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की ठरावाच्या जागी अक्षरांची खिचडी दिसते. बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. जोडाक्षरं मात्र एकदा डोळ्यांनी तपासावी लागतात.

एवढं करूनही मशीन अडलं, बोर्ड खरंच गेला, बिजागरी तुटून स्क्रीन लोंबकळू लागली, तर खुशाल नवा घ्या. तेव्हाही स्वस्तातला स्वस्त घेऊ नका. चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबीची बोर्डाला चिकटवलेली साठवण असलेले लॅपटॉप सेलमध्ये डोळ्यांत भरतात. त्यांत पुढे काहीच बदलता येत नाही, आणि विंडोजचे दोन मोठे अपडेट आले की जागा संपते. त्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेला, भाग बदलता येणारा लॅपटॉप बरा. तो घेताना त्याची बॅटरी, बिजागरी आणि कीबोर्डचं एकेक बटण तिथेच तपासा, आणि बिल मागा. बिल देत नसेल तर उठून या.

जुनं मशीन भंगारात द्यायचं झालं तर हार्ड डिस्क काढून ठेवा. किलोच्या भावात जाणाऱ्या त्या डब्यात तुमचं आधार कार्ड, पासबुकाचे फोटो आणि सातबारा असतो. वायर जाळून तांबं काढणाऱ्याच्या हाती देण्यापेक्षा कंपनी परत घेते का ते पाहा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी अशा कचऱ्यावर प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे.

पण भंगाराआधी आणखी एक वाट आहे. कपाटावर कापड टाकून ठेवलेला डेस्कटॉप चालू होत असेल तर तो कोणाला देता येईल ते पाहा. आपल्याकडे कितीतरी मुली सरकारी टंकलेखनाची परीक्षा देतात, मराठी मिनिटाला तीस शब्द. क्लासमध्ये रोजचा तासभरच कीबोर्ड मिळतो. घरी सरावाला मशीन नाही म्हणून काहीजणी पुठ्ठ्यावर बटणं काढून त्यावर बोटं चालवतात, हे मी पाहिलंय. जुनं मशीन, नवा सेल, साफ केलेला पंखा आणि क्लासमध्ये शिकवतात तोच कीबोर्ड लेआउट, एवढं त्यांना पुरतं. तुमच्याकडे असं मशीन असेल तर आधी त्यातले फोटो उतरवून घ्या आणि मग मला सांगा. चालू करून, धूळ झटकून ते पोहोचवायचं काम माझं.