दिव्याखाली अंधार नको

बंदर म्हटले की जहाजे, क्रेन आणि कंटेनरांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या मुनिरक्यातील वाचकांस हा विषय कदाचित परका वाटेल. परंतु येथून काही किलोमीटरवरील तुघलकाबादच्या कंटेनर डेपोतून निघालेला निर्यातीचा माल रेल्वेने उरणजवळच्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात जातो. दिल्लीच्या व्यापाराचे एक दार असे कोकण किनाऱ्यावर उघडते.

१९८९ मध्ये सुरू झालेले हे बंदर आणि त्याच्यासारखी देशातील अन्य प्रमुख बंदरे आज केवळ मालाच्या चढउतारावर विसंबून नाहीत. मे २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार बंदरांच्या ऊर्जावापरात अपारंपरिक ऊर्जेचा वाटा २०३० पर्यंत ६० टक्क्यांवर आणि २०४७ पर्यंत ९० टक्क्यांवर न्यावयाचा आहे. जुलै २०२५ मध्ये कांडला बंदरात एक मेगावॉट क्षमतेचा हरित हायड्रोजन प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी न्हावा-शेवा येथे बॅटरी बदलता येणारे विजेवरील अवजड ट्रक दाखल झाले. सौर वा पवन विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवावा, त्यापासून अमोनिया तयार करून उद्याच्या जहाजांस इंधन म्हणून पुरवावा, अशी ही दिशा आहे.

ही निव्वळ पर्यावरणाची हौस नव्हे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जुलै २०२३ मध्ये जहाज वाहतुकीतील निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले आहे. ज्या बंदरात स्वच्छ इंधन मिळणार नाही, तेथे उद्या जहाज थांबेलच असे नाही. वीस-वीस वर्षांची कर्जे देणाऱ्या बँकांना याची दखल घ्यावीच लागेल.

परंतु यंत्रसामग्रीस कर्ज मिळाले, म्हणजे प्रकल्प उभा राहिला असे होत नाही. उच्च दाबाचा वायू, बॅटऱ्या आणि संगणकीय नियंत्रण हाताळणारी माणसे कोठून येणार? ती बंदराच्या कुंपणाबाहेरील गावांतून आली नाहीत, तर स्वच्छ ऊर्जेचा हा दिवा दूरवर उजेड देईल. त्याच्या पायाशी मात्र अंधारच राहील.

उरण परिसराने याची किंमत मोजली आहे. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. तथापि, भूखंड एकदा विकला की संपतो. विद्या पुढच्या पिढीस देता येते. मुनिरक्यातही हेच दिसते. या गावाच्या शेतांवर मोठमोठी विद्यापीठे आणि वसाहती उभ्या राहिल्या; शेतकऱ्यांचे वंशज मात्र बहुतांशी विद्यार्थ्यांस खोल्या भाड्याने देण्यावर अवलंबून राहिले. विद्यापीठ दाराशी असणे वेगळे आणि त्याचे दार आपल्यासाठी उघडे असणे वेगळे!

२०२१ च्या महापत्तन प्राधिकरण कायद्याने बंदरांना आपला निधी शिक्षण व कौशल्यविकासासाठी वापरण्याची मुभा दिली आहे. माझ्या मते हा खर्च देणगी म्हणून न करता ऊर्जा प्रकल्पाचाच एक भाग म्हणून करावा. शाळेस संगणक भेट देऊन छायाचित्र काढणे सोपे असते. विज्ञान व गणिताचे शिक्षक, चालू स्थितीतील प्रयोगशाळा आणि आयटीआयमध्ये सौर व हायड्रोजन तंत्राचा अभ्यासक्रम यांसाठी दहा वर्षांची बांधिलकी स्वीकारणे कठीण. पण उपयोग तिचाच. आगरी-कोळी समाजातील मुलींना त्यात अग्रक्रम असावा.

बंदराचे काम व्यापाराचे, शाळा चालविणे शासनाचे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु कुशल मनुष्यबळ ही बंदराचीच गरज आहे. मात्र शिक्षण हा मासेमारीच्या हक्काचा मोबदला ठरू शकत नाही, हेही मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेल्या पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदरास तेथील मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला. त्यांच्या उपजीविकेच्या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणेच द्यावे लागेल.

आपणा बँक कर्मचाऱ्यांचेही यात कर्तव्य आहे. जुलै २०२४ मधील सुधारित आदर्श कौशल्य कर्ज योजनेत हमीसह साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाची तरतूद झाली. अशा योजना किनाऱ्यावरील पालकांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचविणे आपल्या हाती आहे. मोठ्या प्रकल्पाच्या कर्जप्रस्तावाची छाननी करताना तारणाबरोबरच ‘स्थानिक तरुणांच्या प्रशिक्षणाची योजना कोठे आहे?’ हाही प्रश्न आपण विचारावा. त्या प्रश्नाच्या उत्तरातच कर्जाची सुरक्षितता आणि गावाचे भवितव्य, दोन्ही दडलेली आहेत.